आग्रहाचा गृहपाठ

माझी सिद्धी दहा वर्षांची झाली तरी तिला एकही मैत्रीण नव्हती. माणसांच्या बोलण्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून जातं आणि उरलेलं ती शब्दशः घेते. म्हणून दर रविवारी मंचरचं आमचं कापडाचं दुकान नवऱ्यावर सोपवून मी तिला वृषालीताईंच्या वर्गाला नेते. चारचौघांत कसं बोलावं-वागावं हे तिथं अशा मुलांना शिकवतात. खरं तर तो वर्ग आधी आमच्या नातेवाइकांसाठी काढायला हवा होता.

तिथंच अवसरीची श्रेया भेटली. मे महिन्यात ताईंनी गृहपाठ दिला: श्रेयानं सिद्धीला घरी जेवायला बोलवायचं, स्वतः वाढायचं, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. सिद्धी हरखली. मला मात्र धाकधूक. ही मैत्री मोडली तर दुसरी कुठून आणू?

निघताना सासूबाईंनी तिला कानमंत्र दिला. लोकांच्या घरी हावरटासारखं लगेच हो म्हणायचं नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.

श्रेयानं आमरसाची वाटी पुढं केली. सिद्धी नको म्हणाली. थोडा तरी घे, असं श्रेयानं म्हटलं, तरी नको. श्रेयानं वाटी मागं घेतली. समोरचा दोनदा नको म्हणाला की गळ घालायची नाही, हा ताईंचा धडा तिनं घोटून घेतला होता. पोळीचंही तेच झालं. सिद्धी रिकाम्या ताटासमोर, डोळे रसावर.

श्रेयाचे आजोबा धर्माजी चुळबुळू लागले. त्यांच्या घरातून आजवर पाहुणा उपाशी गेला नव्हता. शीलानं, त्यांच्या सुनेनं, गृहपाठाची आठवण करून दिली, तसे ते पुटपुटले, "असला कसला आब्यास? पोरगी वाळली रसाकडं बघून."

मी मनातल्या मनात सासूबाईंचा उद्धार करत होते.

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, हिला आपल्याकडचं कायच आवडलं नाय."

एरवी समोरचं माणूस रडतंय हेही सिद्धीला सांगावं लागतं. आज तिला दिसलं.

"मला रस लई आवडतो," ती म्हणाली. "पण आजी म्हणाली, दोनदा नको म्हणायचं. तू अजून एकदा विचार ना."

"परत विचारायचं नाय, ताईंनी सांगितलंय."

सिद्धी विचारात पडली. "मग मीच विचारते. मी घेऊ?"

"घे की."

हे तिला ना आजीनं शिकवलं होतं, ना ताईंनी. मला भरून आलं. धर्माजींनी मात्र आता कुणाचं ऐकलं नाही; दोघींच्या वाट्या काठोकाठ भरल्या.

निघताना सिद्धीनं पुन्हा विचारलं, "उद्या येऊ?"

"ये," श्रेया म्हणाली.

उद्या दुकानात एका मोठ्या लग्नाचा बस्ता होता, मला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नव्हती. तरी मी शीलाला म्हटलं, सकाळीच आणून सोडते.