आक्काताईवरचा पहारा

मारुतीराव साहेबांची बेंगळूरला बदली ठरली, आणि त्यांच्या खुर्चीवर माझ्याशिवाय कोण बसणार, असं मी धरूनच चाललतो. बेळगावच्या आमच्या कारखान्यात ते खोलीभर मेनफ्रेम मशीन आलं तवापासनं मी हाय. ह्या आक्काताईला येऊन वरीस न्हाय झालं.

आक्काताई निपाणीची. आई बिड्या वळायची, ही इंजिनिअर झाली. झाली तर झाली, माझं काय म्हणणं न्हाय. पण आल्या आल्या हिनं हजेरीचा प्रोग्राम सीपीयू लई खातोय म्हणून धरला. दर कामगाराला तो सगळी यादी पहिल्यापासनं धुंडाळत बसायचा, ते हिनं बंद केलं. एवढंच. तवापासनं साहेबांचं एकच, "आक्काताईला इचारा." माझ्या पोटात दुखायचं. अजून दुखतंय.

मी ठरवलं, हिचेच प्रोग्राम मशीन किती खातात ते दाखवायचं. एक बारका प्रोग्राम लिहिला. काम एकच, आक्काताईचं काय चाललंय ते बघायचं. बघून झालं की परत बघायचं. मधी थांब म्हणून सांगितलंच न्हाय. थांबला आणि नेमकं तवाच हिनं काय केलं तर?

त्याच आठवड्यात मशीन मंदावलं. संध्याकाळ झाली तरी हजेरी निघंना. मला लई बरं वाटलं. साहेबांना म्हटलं, "बाईंनी हात लावल्यापासनं हे सुरू झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि तिलाच म्हणाले, "कोण खातंय ते काढ."

तिनं काढलं. सगळ्यात वर माझा प्रोग्राम. तिच्या सगळ्या प्रोग्रामांची बेरीज केली तरी माझ्या निम्मी न्हाय.

"कल्लाप्पा, हे काय करतंय रं?" साहेबांनी इचारलं.

तिनं तोवर तो स्क्रीनवर घेऊन वाचलता. माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यात माझंच नाव हाय की, आण्णा."

कुणी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं.

आता ही तो पुसून टाकणार म्हणून मी बघत हुतो. तिनं मधी एक ओळ घातली, एकदा बघितलं की अर्धा तास थांबायची. जेवणाच्या सुट्टीआधी मशीन मोकळं झालं. खुर्ची कुणाची, ते साहेबांनी बोलून दाखवायची गरजच उरली न्हाय.

मी दाराकडं निघालो तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे चालू, आण्णा. अर्ध्या तासानं बघितलासा तरी मी हितंच असतीया."