आईने लावलेलं कुलूप

कुलूप लावल्यावर आई ते तीनदा ओढते: आधी खाली, मग बाजूला, मग स्वतःकडे. शेवटचा हिसका सगळ्यांत जोराचा असतो.

परदेशातही यात फरक पडला नाही. आम्ही दोघींनी दिवसभरासाठी सायकली भाड्याने घेतल्या. दुकानदाराने तिला दिलेलं कुलूप आईने "खेळण्यातलं आहे" म्हणून परत केलं आणि पर्समधून बॅगा बांधायची साखळी आणि तिचं कुलूप काढलं. संग्रहालयापाशी मी माझी सायकल बांधून तिकिटांच्या रांगेत उभी राहिले. आई मागाहून हात झटकत आली.

"आता हत्ती आणला तरी हलायची नाही."

आत तिने प्रत्येक चित्राला जवळजवळ नाक लावलं. पहारेकरी खाकरला. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर काढणं अवघड जाईल. पण मावशीचा डोळा ऑपरेशननंतर महिनाभर दुखला होता. तेव्हापासून आई या विषयावर फक्त "बघू" म्हणते.

आम्ही बाहेर आलो, तर हेल्मेट घातलेले एक गृहस्थ फुटपाथच्या कडेला बसले होते. त्यांची काळी सायकल आमच्या साखळीने खांबाला बांधलेली होती. शेजारी आईची निळी सायकल मोकळी उभी होती. ती कोणीही नेली नव्हती.

"याला काय झालंय?" आईने विचारलं.

"तू त्यांची सायकल बांधलीस."

"मी आपलीच बांधली."

"आपली निळी आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून, आई."

तिने दोन्ही सायकलींकडे आळीपाळीने पाहिलं. "मग याने इतकी चिकटून कशाला लावायची?"

मी गृहस्थांची माफी मागितली. त्यांना मुलीला शाळेतून आणायचं होतं. आता तिची आजी तिला आणायला गेली होती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आईने किल्ली काढली. ती कुलपाच्या भोकाशेजारी खरवडत राहिली. मी हात पुढे केला नाही, तिला ते चालत नाही. शेवटी गृहस्थांनी मोबाइलचा दिवा धरला. साखळी सुटताच ते मान लववून भरकन निघून गेले.

आई सायकलीवर बसली नाही. हातात धरून चालू लागली. चालता चालता म्हणाली, "तुझ्या मामेबहिणीच्या लग्नातली माझी साडी. काळी ना?"

"निळी."

"आणि ब्लाउज?"

"काळा."

"सगळ्यांना दिसलं असेल."

"हो."

"मामीला?"

"तिने फोटो काढले."

"आणि तू तोंड शिवून बसलीस!"

"मी सांगितलं होतं. तू म्हणालीस, मला रंग शिकवू नकोस."

रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. फारसा फरक पडला नसावा.

"परत गेलो की डॉक्टरांची वेळ घे," ती म्हणाली. "आधी उजवा."