अहवालातलं नाव

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणारं ते यंत्र अजून उभंच राहायचं होतं. ते उभं राहिल्यावर हिग्ज कणाचं वस्तुमान किती अचूक मोजता येईल, याचं गणित साधना नऊ वर्षं करत होती. त्यातली शेवटची दोन वर्षं तिनं अवसरीला घरी बसून काढली, कारण वडिलांच्या, हौशीरामांच्या, अंगावरून वारं गेलं होतं.

एका सकाळी त्या यंत्राच्या आराखड्याचा अहवाल लॅपटॉपवर आला. मोजमापातली चूक निम्म्यावर आणणारी तिची रीत त्यात जशीच्या तशी होती. नाव मात्र दुसऱ्याच विद्यार्थ्याचं होतं.

तिनं तिच्या मार्गदर्शकांना फोन लावला. "सर, हे काम माझं आहे."

"असेल. पण मीटिंगांना तो येत होता. तू गावी जाऊन बसलीस, तो तुझा निर्णय."

फोन बंद झाला. खाटेवरून हौशीरामांनी बोबड्या जिभेनं विचारलं, "छापलं का गं नाव?"

"न्हाई छापलं," साधना म्हणाली. "तुमचं हगणं-मुतणं काढत बसले ना इथं, म्हणून."

चुलीपाशी आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

दुपारी तिनं पेजेचा चमचा पुढं केला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"आण्णा, चुकलं माझं. तोंड उघडा ना."

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. शेवटी आईनं वाटी घेतली, तेव्हा ते जेवले.

पुढं ते चार महिने जगले. साधना रोज त्यांच्यापुढं चमचा धरायची; तिच्या हातचा एक घासही त्यांनी घेतला नाही.