दहा ठणठणीत म्हातारी माणसं

निवृत्त होताना आपल्या जमा निधीतून औषधपाण्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवायचीच, हे आमचं निधी-ऑफिस दरवर्षी ठरवतं. त्यावर उरेल ते तुमचं. रक्कम ठरते कशी? तर एक कारकून दहा निवृत्तांना भेटतो, वर्षभराचा दवाखान्याचा खर्च विचारतो आणि सरासरी काढतो. तो कारकून मी. दहा माणसं निवडणाराही मीच.

यंदा माझीच निवृत्ती आली. उरलेल्या पैशांतून जुनी व्हॅन घ्यायची, मागे गादी टाकायची आणि बायकोला घेऊन निघायचं, असं ठरलं होतं. पण गेल्या वर्षीच्या आकड्याने व्हॅनची फक्त चाकं आली असती. आकडा खाली यायलाच हवा होता. म्हटलं, एकदा तरी डोकं चालवू. सरळ पोहण्याचा तलाव गाठला आणि सकाळी सहाला पाण्यात सूर मारणारी दहा म्हातारी माणसं पकडली. यांचा कसला आलाय खर्च?

माझी अक्कल बघा. पहिल्याच आजींनी दोन्ही नवे गुडघे दाखवले. दुसऱ्या काकांचे बत्तीसच्या बत्तीस दात विकतचे. तिसऱ्यांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली होती, चौथ्या दर महिन्याला रक्त तपासून घ्यायच्या.

"अहो, उगाच का आम्ही असे दिसतो?" आजी म्हणाल्या.

दवाखान्याची पायरी न चढता घरात कण्हत बसलेले म्हातारेच इतकी वर्षं आमची सरासरी खाली ठेवत होते, हे मला तेव्हा कळलं.

खोटं लिहावं असं वाटलं, कबूल करतो. पण आजींनी सगळ्यांच्या बिलांची पिशवी परस्पर ऑफिसात नेऊन दिली होती. आकडा दीडपट झाला. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

"स्वतःच्या निवृत्तीच्या वर्षी आकडा वाढवणारा पहिलाच माणूस," ते म्हणाले. "आता तुमचीच रक्कम भरत नाही, तेव्हा नियमाप्रमाणे अजून दोन वर्षं इथेच."

मी हसलो. दुसरं काय करणार?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. फार वाईट वाटत होतं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"मी मागच्याच वर्षी निवृत्त झाले, जुन्या आकड्याने," ती म्हणाली. "माझे पैसे पडून आहेत. तुम्हाला स्वतःच्याच पैशांची व्हॅन हवी होती, म्हणून गप्प होते."

मला एकदम भरून आलं. "मग घेऊया?"

"उद्याच घेते," ती म्हणाली. "सोमवारी माझी ताई आणि मी निघतो. तुम्ही सुट्टीच्या दिवशी बसने येत जा."