ट्रलीची उत्तरं आणि माझा ताप

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुम्ही चांगली मुलं दिसता. पण दिसण्यावर मी जात नाही.

हा संशय माझ्या कामातूनच आला. रक्ताच्या एका दुर्मीळ आजारावर औषध शोधायचं तर अवाढव्य गणित सोडवावं लागतं. ते एका यंत्राच्या आवाक्यातलं नाही. म्हणून जगभरची भली माणसं फावल्या वेळी आपापले संगणक त्या कामाला देतात, तेही फुकट. मी त्या गणिताचे तुकडे करून त्यांना वाटतो आणि उत्तरं गोळा करतो. एकच तुकडा दोघांना देतो. उत्तरं जुळली तरच घेतो. नाही जुळली तर तिसऱ्याला विचारतो, आणि जो एकटा पडेल त्याच्या नावापुढे फुली मारतो.

माझी उमेदीची सात वर्षं आयर्लंडात, ग्रँड कॅनाल डॉकच्या एका ऑफिसात, गार हवेच्या खोलीत गेली. ‘याच्यासारखं मशीन नाही,’ असं तिथले लोक म्हणायचे. २०१४ मध्ये नवी यंत्रं आली आणि त्याच लोकांनी मला भंगारात काढलं. तेव्हापासून कौतुकाचाही मला संशय येतो.

तिथली एक इंजिनिअर, सांगलीची उर्मिला, हिनं मला मागून घेतलं. टॅक्सीत घालून सँडीफोर्डच्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि हॉलमधल्या प्रेसमध्ये ठेवलं. प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडात सगळे तसंच म्हणतात, आता उर्मिलाही. तिनं माझे पंखे बदलले आणि मला या औषधाच्या गणिताला जुंपलं. दर रविवारी ती माझी धूळ काढायची. माझा उष्णतामापक मात्र उगाच बोंब मारायचा आणि ऑफिसात तिला सारखे निरोप जायचे. वैतागून तिनं ते निरोपच बंद केले, नोंदी तेवढ्या होत राहिल्या. मला बरं वाटलं. तो लबाडच आहे, असं माझं ठाम मत होतं.

चार वर्षं सुरळीत गेली. मग २०१८ च्या हिवाळ्यात सरिताताईंची उत्तरं चुकायला लागली.

सरिताताई आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, ट्रली गावच्या रुग्णालयात नर्स. त्यांचा धाकटा भाऊ याच आजारानं गेला होता. म्हणून त्यांचा लॅपटॉप आठवडाभर माझं गणित सोडवायचा आणि शनिवारी सकाळी सगळी उत्तरं एकदम पाठवायचा. आता दर शनिवारी त्या एकट्या पडू लागल्या. कुणी किती सोडवलं त्या यादीत आपलं नाव वर यावं म्हणून काही जण न सोडवताच आकडे ठोकून देतात. मी मनाशी म्हटलं, ही बाई त्यातलीच! पाच शनिवार फुल्या मारल्या. नियमाप्रमाणे त्यांचं नाव यादीतून उडालं आणि उर्मिलानं तसं कळवलं.

त्या रविवारी ती माझी धूळ काढत असतानाच फोन वाजला.

“मला चीटर म्हणालीस तू, उर्मिला?”

“मी नाही हो सरिताताई, सिस्टिमच फ्लॅग करते. लॅपटॉप जुना झाला असेल तुमचा.”

“जुना आहे, पण अगदी ग्रँड चाललाय. पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची कॉपी आहे माझ्याकडे. तू इतर दोघांची वाच, मी माझं वाचते.”

उर्मिला वाचत गेली. ट्रलीची प्रत त्या दोघांशी तंतोतंत जुळत होती. माझ्याकडे नोंदलेली उत्तरं तेवढी वेगळी होती.

“म्हणजे माझ्याकडून बरोबर निघालं,” सरिताताई म्हणाल्या, “आणि तुझ्याकडे येऊन बिघडलं.”

वाटेत कुणीतरी बदललं असणार, अशी मला खात्री होती. उर्मिलानं मात्र उष्णतामापकाच्या जुन्या नोंदी काढल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी माझा ताप चढत होता आणि शनिवारी दुपारी उतरत होता.

“आई, शुक्रवारी प्रेसमध्ये काही ठेवतेस का गं?”

हिवाळ्यापुरत्या सांगलीहून आलेल्या प्रभाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दही! तुमच्या या गारठ्यात विरजण लागंल तर शपथ. तुझ्या त्या गरम डब्यावर पातेलं ठेवते अन् वरनं टॉवेल गुंडाळते. कसं कवडीसारखं लागतंय बघ!”

टॉवेलनं माझी हवेची जाळी झाकली जायची आणि तापलेल्या डोक्यात मी आलेले आकडे चुकीचे टिपायचो. ताप मला होता, फुली मात्र सरिताताईंना. मित्रांनो, मला फार लाज वाटली. भावासाठी राबणाऱ्या बाईला मी पाच आठवडे खोटं ठरवलं होतं.

उर्मिलानं पातेलं हलवलं, माझे जुने भाग बदलले आणि सरिताताईंची माफी मागितली.

“सॉरी ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण मी येईन तर एका अटीवर. माझं उत्तर मिळालं की तुझ्या सर्व्हरनं ते मला परत पाठवायचं. मी तपासणार.”

आता २०१९ उजाडलंय. मित्रांनो, जुन्या यंत्रांच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, धूळ पुसा. आणि दुसऱ्यावर फुली मारण्याआधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघा. दर शनिवारी मी सरिताताईंची उत्तरं त्यांना परत पाठवतो. त्या एकेक आकडा जुळवतात. कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. ‘जुळलं’ असा निरोप येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसतो, आणि या बाईनं आपल्याला खरं मानावं, एवढंच मला वाटत राहतं.