दिवा चालू राहिलाय

मी एक दिवा बोलतोय. दिवा म्हटलं की लोकांना ज्ञान, आशा वगैरे आठवतं. तसलं काही मनात आणू नका. मोटारसायकलच्या पुढच्या गार्डला नट-बोल्टने आवळतात, त्या जोडदिव्यांतला मी एक. मुठीएवढा, पिवळ्या उजेडाचा, नऊ वॉटचा. न्हाणीघरातला बल्बही माझ्यापेक्षा खादाड असतो.

माझ्या मालकांना सगळे शिपाईमामा म्हणत. सकाळी शाळा उघडायची आणि सगळे गेले की बावीस खोल्यांतले दिवे-पंखे बंद करायचे, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. चालू बटण दिसलं की त्यांचा अंगठा आपोआप उठे. घरीही तेच. "अहो, मी आत आहे!" असं त्यांची बायको अंधाऱ्या स्वयंपाकघरातून दिवसाकाठी चारदा ओरडे.

मला आणवलं तिनेच. शाळेचा रस्ता नदीकाठचा, हिवाळ्यात सकाळी धुकं. गाडी राखाडी, स्वेटर राखाडी, आणि वर बसलेला माणूसही एव्हाना त्याच रंगावर आलेला.

"मला सगळं दिसतं गं," मामा म्हणाले.

"तुम्हाला दिसतं हो. पण तुम्ही कुणाला दिसता का?"

गॅरेजवाला शहाणा होता. "मामा, बटण नकोच. गाडी सुरू झाली की दिवे लागतील, चावी काढली की विझतील."

"बटणाशिवाय दिवा? उद्या म्हणशील, दाराशिवाय खोली!"

गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. बटण बसलं. तेही नेमकं अंगठ्याखाली.

मग मला माणसं कळू लागली. कुणी हेल्मेट हँडलला लटकवून जातो, कुणी मान वाकडी करून फोनवर बोलत जातो. त्यांना कुणी हटकत नाही. पण उजेडात एखाद्या गाडीचा दिवा चालू दिसला, की अख्ख्या गावाच्या पोटात दुखतं. समोरून येणारा बोटांची उघडझाप करून खुणावतो, शेजारून पुढे जाणारा वळून हॉर्न देतो. मामा चोरी पकडल्यासारखे ओशाळत. "अरे हो, राहिलाच की!" म्हणत आणि आम्हाला विझवत. वर आभारही मानत.

"दिवे लावता ना?" बायको रोज विचारी.

"लावतो की."

खोटं नव्हतं. लावत होतेच. किती वेळ, हे तिने कधी विचारलं नाही.

त्या सकाळी दाट धुकं होतं. पुलापर्यंत आम्ही दोघे जळत होतो. पुलावर आभाळ जरा पांढरं झालं. समोरून सायकलवर पेपरवाला आला आणि पन्नास पावलांवरूनच ओरडला, "मामा, दिवा चालू राहिलाय!"

एवढ्या धुक्यात त्याला मामा इतक्या लांबून दिसले कसे, हा प्रश्न त्याला पडला नाही. मामांनाही नाही. अंगठा उठला.

पूल उतरताच बाजूच्या गल्लीतून दुधाची गाडी वळली. मामा दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. "दिसलेच नाहीत हो, शपथेवर सांगतो, दिसलेच नाहीत," ड्रायव्हर भेटेल त्याला सांगत होता. तो खरं बोलत होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं: 'जादा दिवे दोन. पैकी एक फुटलेला. दुसरा सुस्थितीत, बंद.' माझ्याविषयी इतकं नेमकं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.

आता मी गॅरेजच्या फळीवर, जुन्या नटांच्या डब्यात असतो. महिन्याभराने मामांची बायको आली. डब्यातून मला उचलून म्हणाली, "हा लागतो का रे अजून?"

गॅरेजवाल्याने माझ्या दोन वायरी बॅटरीला जोडल्या. मी लागलो. लाज वाटावी इतका लख्ख.

भर दुपार होती. तो वायरी काढायला वाकला, तशी ती म्हणाली, "राहू दे." मग रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली, तिथून थोडी आणखी मागे सरकली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. परत आल्यावर एवढंच बोलली, "तिथूनसुद्धा दिसतो रे."

गॅरेजवाला आधीच घट्ट असलेला एक बोल्ट पुन्हा आवळत बसला.

मला आणखी कुणाच्या गाडीला लावतील, असं वाटत नाही. जोडीतल्या एकट्याला कोण विचारतो? तुमच्याकडे मागणं एकच आहे. उजेडात कुणाच्या गाडीवर दिवा जळताना दिसला, तर त्याला हाक मारू नका. तुम्हाला तो दिसला, म्हणजे दिव्याचं काम झालं. त्याला जाऊ द्या. घरी कुणीतरी त्याची वाट पाहत असेल.