कौसल्याबाईंचा तळवा

मानवजातीच्या इतिहासात बोटाच्या एका स्पर्शात एवढं सामर्थ्य कधीच नव्हतं. हे वाक्य टॅबलेटच्या खोक्यावर छापलेलं होतं. गोपाळरावांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खोकं कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. कूलर स्थिर झाला. त्या खरेदीचा तेवढाच उपयोग पुढचे बारा दिवस झाला.

टॅबलेट आला होता त्यांच्या बायकोसाठी, कौसल्याबाईंसाठी. होळीनंतर त्यांना झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा राहिला. नात ऋतुजा सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तिनं काचेवर सहा चित्रं मांडून दिली: वर पाणी, भूक, दुखणं, खाली कूलरचं बटण, रामटेकचं देऊळ आणि मुलाचा, म्हणजे अंकुशचा, फोटो. चित्राला हात लावला की टॅबलेट त्यांच्या वतीनं बोलणार.

बारा दिवस कौसल्याबाईंनी हात लावला आणि टॅबलेट काही बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, आजींना आता काही कळत नाही. छातीतही कफ साचतोय, दिवस थोडे आहेत.

अंकुश बुटीबोरीच्या कापड गिरणीत होता. पाळ्या सांभाळून आईचं करणं त्याला जमेना. त्यानं उमरेड रोडवरच्या एका वृद्धाश्रमात खाट ठरवली. सोमवारी दहाला गाडी यायची होती.

"तिले कळतच नाही तं तिले काय फरक पडते, बाबूजी?"

"मले कळते ना गा," गोपाळराव म्हणाले. "तोच तं लोचा हाय."

रविवारी दुपारी ऋतुजा लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, आजीला डॉक्टरनं तपासलं, टॅबलेटला कोणी तपासलं? तिनं वायर जोडली आणि काचेवरच्या हालचालींची नोंद चालू केली. तासाभरानं पडदा पाहिला आणि आबाजींना हाक मारली.

"काय झालं वं?"

"आबाजी, आजी बोलून राहिली. एका तासात एकतीस वेळा."

"मंग हा मुका काहून?"

"काच प्रत्येक स्पर्शाची हकीकत वर सिस्टिमला पाठवते. कितवा स्पर्श, कुठं टेकला, किती रुंद, किती वेळ. सिस्टिमच्या हिशेबी बोट अरुंद असतं. जास्त रुंद दिसलं की ती शेरा मारते: तळवा. तळवा म्हणजे चुकून टेकला, सोडून द्या. चित्रांपर्यंत निरोप जातच नाही."

गोपाळरावांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षं दोघांनी हातमाग चालवला. मागावरून कापड उतरलं की कौसल्याबाई त्यावर अख्खा तळवा टेकवून फिरवायच्या, डोळे मिटून. दोन बोटांनी पोत बघणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या मनातल्या मनात नापास करायच्या. आता काचेवरही त्या तळवाच टेकवत होत्या.

"म्हणजे अर्ज पोचला," गोपाळराव म्हणाले, "पण नमुन्यात नव्हता."

"सगळे एकतीस एकाच जागी. नोंदीत नुसते आकडे आहेत, चित्राचं नाव नाही, पण जागा खालच्या ओळीतली आहे."

दारात आईची लुगडी पिशवीत भरत असलेला अंकुश थांबला. खालच्या ओळीत त्याचा फोटो होता.

"मलेच बोलावत असन," तो म्हणाला. "बारा दिवस माही माय मले हाक मारून राहिली, अन मी तिची गाडी ठरवून राहिलो." त्यानं तिथंच आश्रमाला फोन लावला. गाडी नको, खाट नको, आई घरीच राहील. मग लुगडी परत कपाटात ठेवता ठेवता तो लहान पोरासारखा रडला.

ऋतुजानं तळव्याचा नियम काढून टाकला. शेजारच्या मैनाबाई आल्या, त्यांच्या दोन सुनाही आल्या. खोलीत उकडायला लागलं म्हणून अंकुशनं बारा दिवस एक नंबरवर चालू असलेला कूलर तीन नंबरवर केला आणि झोत आईच्या अंगावर धरला. मग तो खाटेशी गुडघ्यांवर बसला.

"माय, बोल. काय म्हनायचं ते म्हन. मी ऐकतो."

कौसल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डावा हात उचलला. तळवा काचेवर टेकला.

टॅबलेट शुद्ध, प्रसन्न आवाजात म्हणाला, "कृपया कूलर बंद करा."